बाळोत्यांची बखर

गेल्या ज्येष्ठात माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि दुसऱ्याच दिवशी मला गाठून तिने विचारले, "मावशी, बाळाला कापडाचे लंगोट वापरू की पुडक्यातले? आणि कापडाचे वापरायचे तर किती लागतील?"

प्रश्न साधा होता. मी शाळेत इतिहास शिकवते. शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले ती तारीख मला कुणी झोपेतून उठवून विचारली तरी १७ ऑगस्ट १६६६ असे उत्तर देईन. पण तान्ह्या मुलाला दिवसाला किती बाळोती लागतात हे काही मला सांगता येईना. "आधी जुनेर तर काढू," असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि माळ्यावरची ट्रंक खाली घेतली.

ट्रंकेत कापडांना तोटा नव्हता. आईच्या साड्या, बहिणीच्या साड्या, माझ्या साड्या! घड्या मोडून हात फिरवला, तर एकजात सगळ्या गुळगुळीत. पॉलिएस्टर, नायलॉन, जॉर्जेट. पाणी ओतले तर कमळाच्या पानावरून ओघळावे तसे ओघळून जाईल. एवढ्या मोठ्या ढिगात बाळाच्या अंगाला लावण्याजोगे हातभर सुती कापड निघाले नाही. त्या दिवशी प्रथम माझ्या ध्यानात आले की, आपल्या घरातून एक वस्तू नाहीशी झाली आहे आणि ती गेल्याची नोंद कुणीच ठेवलेली नाही. ती वस्तू म्हणजे जुनेर.

आजच्या तरुण वाचकांना हा शब्दही कदाचित सांगावा लागेल. जुनेर म्हणजे चिंधी नव्हे आणि चिरगूटही नव्हे. वापरून, धुऊन मऊ पडलेले, पण अजून कामाचे असलेले सुती वस्त्र म्हणजे जुनेर. आमची आजी असल्या कापडाची पारख बोटांनी करी. लुगड्याचा पदर अंगठा आणि तर्जनीत धरून चुरायचा, कुरकुर आवाज आला की "अजून वर्षभर नेसा," आणि आवाज न होता ते बोटांत विरघळल्यासारखे वाटले की "झालं तयार." मग ते नऊवारी लुगडे बाळंतिणीच्या गाठोड्यात जाई. काठ आधी फाडून काढायचे, कारण काठाचा पीळ घट्ट आणि बाळाच्या मांडीला तो काचतो. त्या काठांच्या नाड्या होत. बसून बसून झिजलेला मधला भाग गोधडीच्या पोटात जाई. उरलेल्यात अठरा-वीस बाळोती सहज निघत. दोन पदर एकावर एक ठेवून धावदोरा घातला की झाले दुपटे; चौकोन तिकोनी दुमडून नाडी लावली की लंगोट.

हा नुसता काटकसरीचा मामला होता असे मला पूर्वी वाटे. तसे नाही. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणासारखा एक पातळ थर असतो, आणि विणण्यापूर्वी ताण्याला खळ लावतात ती वेगळी. म्हणून कोरे सुती कापड पाणी चटकन पीत नाही. दुकानातून नवा मांजरपाट आणून बाळाखाली घातला, तर ओल वरच्यावर तरंगते आणि पोर किंचाळते. पाच-पन्नास धुण्यांनी खळ जाते, मेण जाते, सुताचा पीळ सैल होतो आणि मग तेच कापड टीपकागदासारखे ओल शोषू लागते. शेकडो वेळा नदीच्या दगडावर आपटलेले लुगडे हे शास्त्रदृष्ट्याच बाळाच्या सोयीचे असे.

कापूस आपल्याकडे किती जुना? मोहेंजोदारोच्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. चांदीच्या क्षारांमुळे तो कुजला नाही, एरवी साडेचार हजार वर्षे कापड कुठले टिकायला! तो तुकडा तपासला गेला तो आपल्या मुंबईत, माटुंग्याला, १९२४ साली निघालेल्या कापसाच्या प्रयोगशाळेत. गुलाटी आणि टर्नर या दोघा शास्त्रज्ञांनी १९२८ साली त्याचा अहवाल छापला. कापड अस्सल कापसाचे होते आणि मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांच्या तांबड्या रंगात रंगवलेले होते. तांबड्या रंगाची ही गोष्ट वाचकांनी जरा लक्षात ठेवावी. पुढे माझ्याच घरात तिचे काम पडणार आहे.

तेव्हा सिंधूकाठच्या बाळांनाही जुनेरच मिळत असणार, असे मला आपले वाटते. पुरावा मागाल तर देता येणार नाही. राजमुद्रा टिकतात, नाणी टिकतात. बाळोती कुठली टिकायला?

नाही म्हणायला एका ठिकाणी ती टिकली आहेत, निदान त्यांची नावे तरी; आणि ते ठिकाण आहे लंडन. तिथे टाकलेल्या मुलांसाठी 'फाउंडलिंग हॉस्पिटल' नावाची संस्था होती. तिला १७३९ साली राजाची सनद मिळाली आणि १७४१पासून तिथे मुले घेऊ लागले. मूल आत घेताना एक छापील कागद भरीत, आणि त्यावर कपड्यांची यादी असे : टोपी, लाळेरे, झबले, दुपटे, मोजे. त्याच यादीत 'क्लाउट' आणि 'पिल्च' असे दोन शब्द आहेत. क्लाउट म्हणजे आपले चिरगूट, बाळोते; पिल्च म्हणजे त्यावरून गुंडाळायचे जाड कापड. आज सगळ्यांच्या तोंडी असलेला 'डायपर' हा शब्द त्या काळी बाळासाठी नव्हताच मुळी. बारीक शंकरपाळ्यांची वीण असलेल्या पांढऱ्या कापडाला डायपर म्हणत आणि ते मेजावर अंथरीत किंवा हात पुसायला घेत. त्या कापडाचे नाव पुढे बाळाच्या लंगोटाला चिकटले.

त्या कागदांना टाचणीने कापडाचे तुकडे टोचलेले आहेत. आईचे नाव लिहून घेत नसत. पुढे कधी ती मुलाला न्यायला आलीच, तर ओळख पटावी म्हणून बाळाच्या अंगावरच्या किंवा आईच्या कपड्याचा एक तुकडा कापून ठेवायचा. असे सुमारे पाच हजार तुकडे आजही जपून ठेवलेले आहेत. फुलाफुलांची सुती छिटे, रेघांची जाडीभरडी कापडे, फितीचे तुकडे. गोरगरिबांच्या अंगावरच्या त्या शतकातल्या कापडांचा इंग्लंडमधला सर्वांत मोठा संग्रह म्हणजे हाच. १७६७च्या फेब्रुवारीत एका आईने ठिगळाठिगळांच्या कापडावर भरलेले बदामाचे चित्र मधोमध कापले, अर्धे मुलाबरोबर दिले आणि अर्धे स्वतःजवळ ठेवले. १७७५ साली ती ते अर्धे घेऊन आली आणि आपले मूल घेऊन गेली. पण अशा आया किती? १७४१ ते १७६० या काळात तिथे १६,२८२ मुले घेतली गेली. परत नेली गेली ती १५२. बाकीच्यांचे अर्धे तुकडे अजून कागदाला टोचलेले आहेत.

मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते. कापड नुसते ओल टिपत नाही, ते कुणाचे आहे हेही सांगत असते. आपल्याकडच्या बायकांना हे कागदावर लिहिलेले नसताना पक्के ठाऊक होते. म्हणून बाळोती निवडताना खरा प्रश्न कापड कोणते हा नसेच, जुनेर कुणाचे हा असे.

बाळाला पहिल्या दिवसांत नवे लावायचे नाही, हा घरोघरचा नेम. नवे घातले की दृष्ट लागते. ज्यांची मुले जगत नसत, त्यांनी तर दुसऱ्याच्या घरून जुने मागून आणायचे आणि मुलाचे नाव धोंडू नाहीतर केरू ठेवायचे, म्हणजे सटवाईला वाटावे की हे कुणाला नकोसे आहे. मागायचे ते मात्र लेकुरवाळ्या, दीर्घायुषी माणसाकडे. पणजोबांचे धोतर चालायचे, सवाष्ण आजीचे लुगडे तर फारच चांगले. विधवेचे मात्र वर्ज्य. केशवपन झालेल्या बाईचे तांबडे आलवण बाळाजवळच्या दांडीवरसुद्धा वाळत घालायचे नाही. आणि गंमत अशी (गंमत म्हणायची का, हा प्रश्नच आहे) की, पुष्कळ घरांत बाळोती धुवायची ती नेमकी तिनेच. पहिले दहा दिवस सोयराचे. तेव्हाचे धुणे सुईण करी. ती बहुधा मांगवाड्यातली असे आणि तिला पायलीभर दाणे आणि एखादे जुने लुगडे देऊन वाटेला लावीत. अकराव्या दिवसापासून मागल्या दारचे धुणे आलवणातल्या बाईकडे. कापड अशुभ, हात चालतात!

आता माझ्या घरची हकीकत सांगते. ती मला आजीने सांगितली, तीही एकदाच.

माझ्या वडिलांचा जन्म १९४४च्या आषाढातला, वाईचा. आजीची आई आधीच वारलेली, म्हणून पहिलटकरीण असूनही बाळंतपण सासरीच झाले. ते महायुद्धाचे दिवस. गिरण्यांचे कापड लष्कराकडे जाई, उरलेले काळ्या बाजारात. १९४३ साली सरकारने कापड व सूत यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम काढला, तरी गावोगाव कापडाचा दुष्काळ होताच. लोक धान्यासाठी रांग लावीत तशी कापडासाठी लावू लागले. आमच्या घरात चार बायका. प्रत्येकीकडे दोन लुगडी, तीही दंड घालून घालून जोडलेली. जुनेर व्हायचे तर आधी घरात नवे यावे लागते. नवे येणे थांबले, तेव्हा जुनेही संपले, कारण जे जुने होते तेच सगळ्या नेसत होत्या. बाळंतिणीच्या गाठोड्यात कशीबशी सात बाळोती निघाली.

सात! आणि आषाढातला कृष्णाकाठचा पाऊस. शेगडीवर बुरडाची टोपली उपडी घालून तिच्यावर एकेक बाळोते पसरायचे, खाली ओव्याची धुरी. एक वाळेपर्यंत दोन ओली. पाचव्या-सहाव्या रात्री मुलाच्या मांड्या सोलवटल्या. खोबरेल लावले, राख गाळून लावली, काही चालेना. मूल रात्रभर रडे आणि आजी, वय वर्षे एकोणीस, त्याच्याबरोबर रडे.

घरात आजोबांची आत्या होती. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी विधवा. तेव्हा ती साठीला टेकलेली. तिला सगळे आत्याबाई म्हणत. तिच्याकडे दोन आलवणे होती. एक अंगावर, एक दांडीवर. बाळंतिणीच्या खोलीत तिने पाऊल टाकायचे नाही असे कुणी तिला सांगितले नव्हते. सांगायची गरज कधी पडलीच नव्हती. त्या रात्री आजीला माजघरात कापड फाडल्याचा आवाज आला. मग दार लोटून आत्याबाई आत आल्या. हातात तांबड्या कापडाच्या घड्या होत्या, शेगडीवर शेकून कोमट केलेल्या.

आजी म्हणाली, "अहो आत्याबाई, हे काय? सासूबाई काय म्हणतील?"

"पोर ओलं आहे," आत्याबाई म्हणाल्या. "वहिनींचं सकाळी बघू."

आणि त्यांनी खाली बसून माझ्या वडिलांचे ओले बाळोते काढले, अंग पुसले आणि तांबडा लंगोट बांधला. पन्नास वर्षे त्या घरातल्या किती मुलांची बाळोती त्यांनी धुतली असतील. बांधायची ही पहिलीच वेळ. "पण गाठ इतकी नेमकी मारली," आजी सांगे, "की मला वाटलं, ही बाई इतकी वर्षं मनातल्या मनात बांधत आली आहे."

सकाळी पणजीने दांडीवर तांबडी बाळोती पाहिली. ती काही बोलली नाही. खोलीत गोमूत्र शिंपडले, देवापुढे तुपाचा दिवा लावला आणि दिवसभर आत्याबाईंशी एक शब्द बोलली नाही. मात्र ती बाळोती दांडीवरून काढाही म्हणाली नाही. मुलाच्या मांड्या चार दिवसांत सुकल्या. बाराव्या दिवशी बारसे झाले, तेव्हा बायका पाळण्याभोवती जमल्या आणि आत्याबाई नेहमीप्रमाणे मागल्या पडवीत बसून राहिल्या. पणजी मात्र, आजी म्हणे, पुढे भाद्रपदात स्वतः त्या तांबड्या घड्या घालीत बसलेली दिसली. आत्याबाईंना त्या वर्षी एकाच आलवणावर राहावे लागले. रात्री ते धुवायचे आणि पंचा गुंडाळून बसायचे. नवे मिळायला पुढचा संक्रांतीचा महिना उजाडला.

विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ साली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी फसलेल्या विधवांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले १८६३ साली. अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा. ही सनावळी मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि मुले ती पाठ करतात. वाई पुण्यापासून फार लांब नाही. पण १८६३पासून १९४४च्या त्या रात्रीपर्यंतचे अंतर मला कुठल्या फळ्यावर मांडता आलेले नाही.

आता जुनेर घरातून गेले कसे, ते सांगायचे राहिले. पुष्कळजण पटकन म्हणतात की, आजकालच्या मुलींना धुवायचा कंटाळा. मी हे मान्य करत नाही. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिली कापडगिरणी काढली, तेव्हापासून शंभर वर्षे गिरणीच्या सुताने घरोघरची गाठोडी भरली. मग १९६०नंतर टेरिलीन आले. चुरगळत नाही, लवकर वाळते, दहा वर्षे टिकते. कष्टकरी बाईला यापरते काय हवे? माझ्या आईने पहिली नायलॉनची साडी घेतली तेव्हा तिला इस्त्रीतून सुटका झाल्याचा आनंद झाला होता आणि तो खरा होता. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले किती तरी परत आत गेलेच नाहीत. पाठोपाठ १९८५च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली. सुती लुगडे महाग झाले, दुर्मिळ झाले, आणि आजी लोकांच्या पिढीबरोबर संपले. जी साडी जुनी होतच नाही तिचे जुनेर कुठून होणार?

पुडक्यातल्या लंगोटाची कुळकथा यापुढे फार छोटी आहे. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८४९ साली सेफ्टी पिनेचे पेटंट घेतले आणि ते चारशे डॉलरला विकून टाकले; तोवर आया साध्या टाचण्या नाहीतर नाड्या वापरीत. महायुद्धानंतर मॅरिअन डोनोव्हन या बाईने न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरचे जलाभेद्य आवरण शिवले. इंग्लंडात व्हॅलेरी हंटर गॉर्डन हिने हवाई छत्रीच्या नायलॉनचे आवरण शिवून आत कापसाची घडी घातली. दोघीही घरच्या धुण्याला कंटाळलेल्या आया, हे विसरू नये. पुढे व्हिक्टर मिल्स नावाच्या अभियंत्याला नातवंडांचे लंगोट बदलावे लागले आणि १९६१ साली इलिनॉयमधल्या पिओरिया गावी 'पॅम्पर्स' विक्रीस आले. ते फेकून द्यायचे, धुवायचे नाही. धुणाऱ्या हातांची सुटका झाली खरी, पण आपल्याकडे ते लंगोट उचलणारे दुसरे हात आले. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी लोकांना विनवले की, बायांनो, निदान कागदात गुंडाळून त्यावर तांबडा ठिपका तरी काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावे लागणार नाही. पुन्हा तांबडा रंग, आणि पुन्हा मागल्या दारची बाई!

तर भाचीला मी काय सांगितले? प्रवासाला आणि रात्रीला पुडके जवळ असू दे, नोकरी करणाऱ्या मुलीने त्यात लाज बाळगू नये. दिवसा घरात कापड वापर. दिवसाला दहा-बारा बदलावी लागतील. म्हणजे उन्हाळ्यात दोन डझन पुरे, पावसाळ्यात तीन. ओले झाले की लगेच थंड पाण्यातून काढ, मग उकळत्या पाण्यात सोडा टाकून. सुवासिक रसायने त्याला लावू नकोस, त्याने कापडाची तहान मरते. आणि ऊन असेल तेव्हा ऊन दे. नवा मांजरपाट आणलास तर आजपासूनच धुवायला घे, बाळ येईपर्यंत मऊ होईल.

हे सगळे वडील आरामखुर्चीत बसून ऐकत होते. वय ऐंशीच्या पुढे, कानाला कमी ऐकू येते, पण नेमके हवे ते ऐकू येते. ते उठले, आपल्या खोलीत गेले आणि कपाटाच्या तळातून चार धोतरे घेऊन आले. शाळेत नोकरीला असताना नेसायची, पुढे लेंगा आला तशी पडून राहिलेली. एक धोतर त्यांनी भाचीच्या हातात दिले आणि म्हणाले, "चुरून बघ."

तिने चुरले. आवाज आला नाही.

मग ते स्वतःच खाली बैठक मारून बसले. काठाला दातांनी चीर पाडून त्यांनी पहिले धोतर उभे फाडले. काठ वेगळे काढून नाड्यांसाठी भाचीच्या मांडीवर टाकले. संध्याकाळपर्यंत बत्तीस निघाली. माझ्या बहिणीने मोजून घड्या केल्या आणि म्हणाली, "आणखी चार लागतील, पाऊस आहे."